मतं तीन दिली, पण आपला नगरसेवक नेमका कोण?

हा भाग ऐकण्यापेक्षा वाचायला मागणारे बरेच जण होते, म्हणून नेहमीसारखाच तो इथे लिहून टाकतोय. बोलताना जिथे गडबडीत पुढे गेलो होतो तिथे थोडं जास्त लिहिलंय, आणि माझं "म्हणजे, म्हणजे" काढून टाकलंय.

विषय सुचला एका व्हॉइस नोटवरून. कुर्डुवाडीतल्याच एका मुलीने पाठवली होती. पहिल्यांदाच मतदान केलेलं. ती म्हणते, "दादा, मशीनवर तीन वेळा बटण दाबलं. एक नगराध्यक्षाला, दोन नगरसेवकांना. आता उद्या घरापुढचा दिवा गेला तर फोन कुणाला करायचा? पहिल्याला की दुसऱ्याला?"

प्रश्न साधा वाटतो, पण उत्तर द्यायला बसलो तर अख्खा भाग लागला.

आधी ही तीन मतं कुठून आली ते बघू. राज्य निवडणूक आयोगाने ४ नोव्हेंबर २०२५ ला २४६ नगरपरिषदा आणि ४२ नगरपंचायतींची निवडणूक जाहीर केली. मतदान २ डिसेंबरला. मोजणी दुसऱ्या दिवशी होती, पण काही ठिकाणचं मतदान पुढे गेलं आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सांगितलं की सगळ्यांचे निकाल एकदमच लावा, म्हणून ती २१ डिसेंबरला गेली. नगरपरिषदेत प्रभाग साधारणपणे दोन सदस्यांचा असतो. एक जागा 'अ', एक जागा 'ब'. शिवाय नगराध्यक्ष थेट जनतेतून. झाली तीन मतं.

आता गंमत बघा. आपल्याच तालुक्यात, माढ्याला, नगरपंचायत आहे. तिथे सतरा प्रभाग, सतरा नगरसेवक, म्हणजे एका प्रभागाला एकच माणूस. तिथली निवडणूक झाली डिसेंबर २०२१ आणि जानेवारी २०२२ मध्ये. तेव्हा कायदा असा होता की निवडून आलेल्या नगरसेवकांनी आपल्यातूनच नगराध्यक्ष निवडायचा. म्हणजे माढ्याच्या मतदाराने एकच मत दिलं आणि कुर्डुवाडीच्या मतदाराने तीन. तालुका तोच. पण गावचा प्रमुख निवडायचा हक्क एकाला मिळाला आणि दुसऱ्याला नाही, तो केवळ मतदान कोणत्या साली झालं त्यावरून.

कारण हा नियम आपल्याकडे सारखा फिरतोय. २०१६ ला नगराध्यक्ष थेट केला. २०२० ला ते रद्द. २०२२ ला सरकार बदललं, पुन्हा थेट. सरपंचाचंही असंच पुढे-मागे झालं. दोन्ही बाजूंनी लोकशाहीचीच कारणं दिली गेली, पण माझं मत विचाराल तर प्रत्येक सरकारने हिशेब आपल्या सोयीचाच केला. थेट निवडणुकीत पक्षाचं चिन्ह आणि मोठा चेहरा चालतो. नगरसेवकांतून निवडायचा असेल तर सहलीला नेण्याची ताकद चालते. (सहल म्हणजे काय ते सांगायला नको. नगरसेवक अचानक सगळेच एकदम देवदर्शनाला जातात, ती.)

बरं, आता मूळ मुद्दा. दोन सदस्यांचा प्रभाग.

लोकसभेला आपण एक खासदार निवडतो, विधानसभेला एक आमदार. आवडो न आवडो, नाव ठरलेलं असतं. दोन सदस्यांच्या प्रभागात नाव ठरत नाही. 'अ'वाले म्हणतात तो भाग त्यांच्याकडे आहे, 'ब'वाले म्हणतात बजेट त्यांनी वापरलं. दोघं एकाच पॅनेलचे असतील तर आपापसात वाटणी करून घेतात: हा बोळ तुझा, तो चौक माझा. ही वाटणी कुठल्याही कागदावर नसते. कायद्याने दोघंही संपूर्ण प्रभागाचेच प्रतिनिधी असतात. त्यामुळे त्या मुलीला माझं उत्तर एवढंच की फोन दोघांनाही कर, आणि दोघांनाही सांग की दुसऱ्यालाही केलाय.

पण याहून मोठी गोष्ट मोजणीत लपलेली आहे. बऱ्याच जणांना वाटतं की प्रभागात दोन जागा आहेत म्हणजे ज्या दोघांना सगळ्यात जास्त मतं पडली ते दोघे येतात. पहिला आणि दुसरा. तसं नाही! 'अ' जागेची स्पर्धा वेगळी, 'ब' जागेची वेगळी. प्रत्येक जागेवर स्वतंत्रपणे जो पहिला तो निवडून येतो. दुसऱ्या क्रमांकाला काहीच नाही.

आकड्यात बघू. हे आकडे माझेच आहेत, कुठल्या खऱ्या प्रभागाचे नाहीत. समजा हजार जणांनी मतदान केलं. पॅनेल तीन. पहिल्याचे ४०० लोक, दुसऱ्याचे ३५०, तिसऱ्याचे २५०. लोक सहसा पॅनेल टू पॅनेल मत देतात. 'अ' जागेवर पहिलं पॅनेल ४०० मतांनी जिंकलं. 'ब' जागेवरही तेच ४०० लोक, तेच पॅनेल. दोन्ही जागा गेल्या. बाकीच्या ६०० जणांच्या बाजूचं सभागृहात कोणीच नाही. आणि गावातल्या सगळ्या प्रभागांत थोड्याफार फरकाने हेच चित्र असेल तर १०० पैकी ४० मतांत सगळं सभागृह एकाच पॅनेलचं. विरोधी बाकावर बसायलाही माणूस उरत नाही.

एक सदस्य असलेल्या प्रभागातही हा दोष आहेच, मान्य. पण तिथे प्रभाग लहान असतो. एखाद्या गल्लीत, एखाद्या वस्तीत वेगळ्या विचाराचे, वेगळ्या समाजाचे लोक एकत्र राहत असतील तर तिथून त्यांचा एक माणूस निघू शकतो. दोन लहान प्रभाग जोडून एक मोठा केला की ती वस्ती मोठ्या आकड्यात विरघळते. मोठ्या शहरात हे आणखी ठळक दिसतं. सोलापूर महानगरपालिकेत १०२ नगरसेवक आहेत आणि प्रभाग फक्त २६. चोवीस प्रभागांत चार-चार, दोन प्रभागांत तीन-तीन. तिथला मतदार चार मतं देतो. मुंबईत मात्र २२७ प्रभाग आणि २२७ नगरसेवक, एकास एक. म्हणजे मुंबईकराला एक मत, सोलापूरकराला चार, आपल्याला तीन, माढेकराला एक. हे सगळं एकाच राज्यात.

मग दोन-चार सदस्यांचे प्रभाग वाईटच का? नाही. उलट जगात बऱ्याच ठिकाणी असे प्रभाग मुद्दाम करतात, ते जास्त लोकांना प्रतिनिधी मिळावा म्हणून. स्कॉटलंडमध्ये २००७ पासून स्थानिक कौन्सिलचे बहुतेक वॉर्ड तीन किंवा चार सदस्यांचे आहेत. पण तिथे मतदार पसंतीक्रम लिहितो: एक, दोन, तीन. आपल्याकडे पदवीधर मतदारसंघात ज्यांच्या घरी कुणी मत देतं त्यांना हे माहीत असेल, विधान परिषदेला तसंच असतं. या पद्धतीत चार जागांपैकी साधारण पाचव्या हिश्शापेक्षा थोडा जास्त पाठिंबा असलेल्या गटाला एक जागा मिळते. मोठ्याला जास्त, लहानाला कमी, पण शून्य नाही. आपण मोठा प्रभाग घेतला आणि मोजणी मात्र जुनीच ठेवली. दोन्हीतलं जे वाईट तेवढं घेतलं, असं मला वाटतं.

आणि ही गोष्ट परदेशातलीच आहे असं समजू नका. आपल्याच मुंबई इलाख्यात १९३७ ची प्रांतिक निवडणूक झाली तेव्हा एकापेक्षा जास्त सदस्यांचे मतदारसंघ होते आणि मतदाराला जितक्या जागा तितकी मतं होती. पण ती मतं वाटायची सक्ती नव्हती. तीन मतं असतील तर तिन्ही एकाच उमेदवाराला देता येत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा या पद्धतीला पाठिंबा होता, आणि कारण उघड आहे. संख्येने लहान समाजाने आपली सगळी मतं एका माणसावर लावली तर बहुसंख्यांना विचारल्याशिवाय त्यांचा माणूस निवडून येऊ शकतो. त्या निवडणुकीत त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे डझनभराहून जास्त आमदार मुंबई विधानसभेत गेले. पक्ष स्थापन होऊन जेमतेम वर्षही झालं नव्हतं.

आपल्या हजार मतदारांवर हे लावून बघा. प्रत्येकाला दोन मतं, हवी तशी द्या. दुसऱ्या पॅनेलच्या ३५० जणांनी दोन्ही मतं एकालाच दिली तर त्याला पडली ७००. तिसऱ्या पॅनेलच्या २५० जणांनी तसंच केलं, ५००. पहिल्या पॅनेलने लोभ करून दोन उमेदवार उभे केले आणि मतं सारखी वाटली तर दोघांना ४००-४००. दोघंही पडले! शहाणपणाने एकच उभा केला तर त्याला ८००. मग निकाल काय? पहिल्या पॅनेलचा एक, दुसऱ्याचा एक. प्रभागातल्या १००० पैकी ७५० लोकांचं कोणीतरी आत बसलेलं. मतदार तेच, जागा दोनच. फक्त मोजायची रीत बदलली.

आरक्षणाबद्दल बोलल्याशिवाय हा विषय पूर्ण होत नाही, आणि इथे जरा सावकाश जाऊ, कारण रीलवर या विषयाचं फार वाटोळं झालंय. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक संस्थांमध्ये निम्म्या जागा महिलांना आहेत. दोन सदस्यांच्या प्रभागात साधारणपणे एक जागा महिलेची येतेच. अनुसूचित जाती-जमातींच्या जागा लोकसंख्येच्या प्रमाणात. आणि ही लोकसंख्या कुठली? २०११ ची. त्यानंतरची जनगणना २०२१ ला व्हायची होती ती झालीच नाही, म्हणून २०२५ चे प्रभागही चौदा वर्षं जुन्या आकड्यांवर आखले गेले. या चौदा वर्षांत ज्या बाजूला नवीन प्लॉटिंग झालं, घरं वाढली, त्या बाजूच्या प्रभागात आज प्रत्यक्षात एका नगरसेवकामागे जास्त माणसं असणार. नियम सांगतो की प्रभागांच्या लोकसंख्येत सरासरीपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त फरक नको, आणि सीमा मोठे रस्ते, नाले, रेल्वेचे रूळ बघून आखा. रूळ बघून आखायचं म्हटलं की कुर्डुवाडीकराला वेगळं सांगायला नको, आपलं गावच रुळांनी कापलेलं आहे.

ओबीसी आरक्षणाचा प्रवास तर कोर्टातूनच झाला. मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आधी आयोग नेमा, आकडेवारी गोळा करा, आणि एकूण आरक्षण ५० टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नका. डिसेंबर २०२१ ला ओबीसी जागांना स्थगिती आली. म्हणूनच माढ्यासारख्या नगरपंचायतींत मतदान दोन टप्प्यांत झालं, ओबीसींच्या जागा खुल्या करून जानेवारीत. पुढे बांठिया आयोग, मग पुन्हा तारखा. शेवटी ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की बांठिया अहवालाच्या आधी ओबीसी आरक्षण जसं होतं तसं धरा आणि निवडणुका घ्या.

या सगळ्यात गेलं काय? चार वर्षं. २०१६ च्या शेवटी निवडून आलेल्या नगरपरिषदांची मुदत २०२१ संपता संपता संपली. आपलीही त्यातलीच. तिथून डिसेंबर २०२५ पर्यंत प्रशासक. राज्यघटनेचं कलम २४३-यू सांगतं की नगरपालिकेची मुदत पाच वर्षं, त्याहून जास्त नाही, आणि नवी निवडणूक मुदत संपायच्या आत झाली पाहिजे. घटनेत हे १९९२ च्या ७४ व्या दुरुस्तीने मुद्दाम घातलं, कारण त्याआधी राज्य सरकारं वर्षानुवर्षं प्रशासक बसवून ठेवत. नेमकं तेच पुन्हा झालं. प्रशासकाच्या काळात प्रस्ताव मांडणारा आणि मंजूर करणारा एकच अधिकारी असतो. तो माणूस चांगला असेलही. पण त्याला विचारायला सभागृहात कोणी नसतं. जे आज बावीस वर्षांचे आहेत त्यांनी मतदानाचं वय झाल्यापासून गावात निवडून आलेला नगरसेवक पाहिलाच नव्हता. तो आकडा माझ्या डोक्यातून जात नाही.

आरक्षणावर परत येतो. जागा सोडतीने ठरते आणि दर वेळी फिरते. याने नवीन लोकांना संधी मिळते, आणि आरक्षण नसतं तर निम्म्या बायका सभागृहात दिसल्या असत्या का, याचं उत्तर २०११ च्या आधीच्या आणि आजच्या सभागृहांचे फोटो बघून तुम्हीच द्या. पण सोडतीची एक बाजू बोलली जात नाही. पाच वर्षं ज्यांनी काम केलं किंवा नाही केलं, त्यांना मतदाराने पुन्हा तपासायचं असतं. पुढच्या सोडतीत ती जागाच बदलली तर हिशेब मागायला समोर उमेदवारच नसतो. मग घरातलं दुसरं नाव उभं राहतं आणि बॅनरवर फोटो जुनाच. मला वाटतं आरक्षण ठेवून फिरण्याचा काळ दोन निवडणुकांचा करावा, म्हणजे निवडून आलेल्या बाईलाही एकदा स्वतःच्या कामावर मत मागता येईल.

आता तिसरं मत, नगराध्यक्षाचं. ६ ऑक्टोबर २०२५ ला मुंबईत २४७ नगरपरिषदांच्या नगराध्यक्षपदांची सोडत निघाली. ३३ अनुसूचित जाती, ११ अनुसूचित जमाती, ६७ ओबीसी, उरलेली १३६ खुली. थेट निवडलेला नगराध्यक्ष एका पक्षाचा आणि सभागृहात बहुमत दुसऱ्याचं, असं होऊ शकतं, बऱ्याच गावांत होतंही. मतदाराने ते मुद्दाम केलं असेल तर चांगलंच, एकाला दुसऱ्यावर लक्ष ठेवता येतं. पण बजेट आणि ठराव सभागृहाच्या बहुमताने होतात. तेव्हा सगळी ताकद नगराध्यक्षाकडे आहे असं समजून नगरसेवकांच्या दोन मतांकडे दुर्लक्ष केलं असेल, तर पुढच्या वेळी तसं करू नका.

आणखी एक बारीक गोष्ट. निकालानंतर नगरसेवक जिल्हाधिकाऱ्यांकडे आपला गट नोंदवतात. १९८६ चा पक्षांतरबंदीचा कायदा स्थानिक संस्थांनाही आहे. पक्षाचा व्हीप मोडला तर पद जाऊ शकतं. म्हणजे समजा तुमच्या प्रभागाच्या विरोधात जाणारा ठराव आला आणि गटनेत्याने "हात वर करा" म्हटलं, तर तुमच्या नगरसेवकाला हात वर करावा लागतो. शिवाय स्वीकृत सदस्य असतात, निवडून आलेल्यांच्या दहा टक्क्यांपर्यंत. त्यांना बोलता येतं, मत देता येत नाही. कायद्याची अपेक्षा अशी की डॉक्टर, वकील, इंजिनिअर, निवृत्त शिक्षक, असे जाणकार यावेत. प्रत्यक्षात कोण येतं ते तुम्ही बघताच. पडलेल्या उमेदवाराची सोय बऱ्याचदा तिथेच लागते.

दुसरी एक व्हॉइस नोट भोसऱ्याहून आली होती. "दादा, आमचं सगळं कुर्डुवाडीत. शाळा, बाजार, दवाखाना. मग आम्हाला नगराध्यक्षाला मत का नाही?" कारण भोसरे, कुर्डू ही ग्रामपंचायतीची गावं, हद्द वेगळी. पण त्या मित्राला मी म्हणालो की तुझ्याकडे एक गोष्ट आहे जी गावातल्या मतदाराकडे नाही. ग्रामसभा. मतदार यादीत नाव असलेला कोणीही तिथे उठून सरपंचाला प्रश्न विचारू शकतो, आणि ती सभा घेणं सरपंचावर बंधनकारक आहे. शहरांसाठी असंच काहीतरी हवं म्हणून महाराष्ट्राने २००९ मध्ये क्षेत्रसभेची तरतूद केली. लहान लहान भागांतल्या मतदारांची सभा, नगरसेवकाने बोलवायची. कायद्यात आहे ती. तुमच्यापैकी किती जण क्षेत्रसभेला गेलेत, कमेंटमध्ये सांगा. मी तरी अजून एकालाही भेटलेलो नाही.

ज्यांना वाटलं की यादीत नाव होतं पण स्थानिक मतदानाला सापडलं नाही, त्यांच्यासाठी: स्थानिक निवडणुकीला विधानसभेचीच यादी वापरतात, आणि या वेळी १ जुलै २०२५ ची यादी धरली होती. ऑगस्टमध्ये अठरा पूर्ण केलेल्यांना म्हणून मत देता आलं नाही. आणि पुण्यात नाव हलवलेल्यांनो, तुमचं कुर्डुवाडीतलं नाव तुम्हीच काढलंय, त्यात बूथवरच्या माणसाशी भांडून उपयोग नव्हता.

त्या पहिल्या मुलीला मी शेवटी एक काम सांगितलंय, ते तुम्हालाही सांगतो. सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त माहितीच्या अधिकारात मागता येतं. अर्जाची फी दहा रुपये. त्यात कुठला ठराव कुणी मांडला, कुणी अनुमोदन दिलं हे असतं. विरोध नोंदवला असेल तर तोही. तुमच्या 'अ' आणि 'ब' ची नावं त्यात कितीदा येतात ते मोजा. ती तीन महिन्यांनी आकडा पाठवणार आहे. आला की त्या भागात बजेटवरही बोलू.